म्हण लिहून घेताना सोबत काय काय लिहायचं?

सांधेजोड

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी फिजिओथेरपिस्ट. माहेर साताऱ्याचं, गेली अकरा वर्षं बंगळुरात. आमच्या खोलीत एका वेळी पाच-सहा पेशंट असतात. कुणाचा गुडघा बदललेला, कुणाची कंबर धरलेली, कुणाचा खांदा आखडलेला. दुखत असताना माणूस जपून बोलत नाही, त्याच्या तोंडून घरातली भाषा येते. कन्नड आज्जी, तेलुगू रिक्षावाले, तमिळ मास्तर, अधूनमधून बेळगावकडची आपली माणसं.

चार वर्षांपूर्वी एका आज्जींना पॅरलल बारमध्ये चालवत होते. दोनदा पाऊल अडखळलं. त्यांनी खालच्या फरशीकडे रागाने बघितलं आणि मग स्वतःच हसत म्हणाल्या, "कुणियलारदवळु नेल डोंकु अंदळंते." नाचता न येणारी म्हणाली म्हणे, जमीनच वाकडी! मी तिथल्या तिथे ओरडले, "अहो, हे तर आमचं अंगण वाकडं!" त्यांना मराठी येत नाही, पण मी अंगणाची म्हण समजावली तेव्हा त्यांनी माझा हात धरून ठेवला, सोडेचनात.

तेव्हापासून लागलेला नाद. अपॉइंटमेंटच्या चिठ्ठीच्या पाठीवर म्हण खरडायची, खणात टाकायची, रविवारी एक्सेलमध्ये चढवायची. रकाने चार: म्हण, भाषा, अर्थ, मराठीतली जोडीदार. सहाशेच्या वर झाल्यात.

गेल्या महिन्यात सगळं सलग वाचायला बसले आणि वाईट वाटलं. निम्म्या ओळी मुक्या झाल्यात. शब्द आहेत, पण कोण, कुणाला, कशावरून म्हणालं काहीच नाही. एका चिठ्ठीवर तर फक्त 'भोपळा – खांदा' एवढंच. भाषेचा रकानाही कोरा. मला इतकंच आठवतं की खांदा आखडलेले एक आजोबा होते, त्यांनी काहीतरी म्हणत खांद्यावर हात नेला आणि अख्खी खोली हसली. मला वाटलं, स्वतःच्या दुखण्यावर विनोद केला. मीही हसले. विचारलं नाही. आजोबा बरे झाले, गेले.

तर विचारायचं असं की म्हण टिपताना सोबत नेमकं काय नोंदवावं? दुसऱ्या भाषेतली म्हण देवनागरीत लिहिली तर चालते का? आणि तोंडावर आणता येत नाहीत अशा म्हणींचं काय करायचं? तुमच्यापैकी कुणी हे केलं असेल तर मनापासून सांगा.

चकली

वाचनखूण साठवली. काय सुंदर नाद आहे हा.

जुनाट कपाट

ताई, उत्तम उपक्रम. आधी मागचं बघून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, सुधारलेली आवृत्ती १८५७ ची. त्यात शब्दांच्या नोंदींच्या पोटात म्हणी दडलेल्या आहेत. रेव्हरंड मॅनवरिंग यांनी मराठी म्हणींचा भाषांतरासह संग्रह केला, तो १८९९ मध्ये ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसने छापला. मग आपले य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे. शब्दकोशाचे सात खंड पुरे करून थकायचं सोडून हे दोघे वाक्संप्रदाय कोशाला भिडले. त्याचा पहिला भाग १९४२ चा. माझ्याकडची प्रत वडिलांची आहे, पुठ्ठा निघालाय, पण आठवड्यातून एकदा तरी उघडतोच.

माझी सूचना: पाचवा रकाना 'आधी कुठे छापली आहे का'. म्हणजे तुमची भर कोणती ते कळेल.

घाटमाथा

कपाटकाका, आदर राखून असहमत. छापलेली आहे की नाही यावर म्हणीची किंमत ठरवू नका. कोशात म्हण आणि अर्थ एवढंच मिळतं, आणि अर्थ एकच असतो असं आपण समजतो.

आमच्या घरातलं उदाहरण देतो. 'झाकली मूठ सव्वा लाखाची.' आई हे म्हणायची तेव्हा त्याचा अर्थ 'पाहुण्यांपुढे घरातलं बोलू नकोस, गप्प बस.' मामा म्हणायचा तेव्हा 'निकाल लागेपर्यंत तू नापास नाहीस, चल सिनेमाला.' शब्द तेच, एकात धाक, एकात धीर. कोशातला अर्थ दोन्हींना लागू पडतो आणि दोन्हींतलं काहीच सांगत नाही. म्हणून पाचवा रकाना 'कोण कुणाला म्हणालं' हाच हवा.

जुनाट कपाट

मान्य. सहावा माझा ठेवा मग.

तंजावूरकर

माझं मराठी जरा वेगळं वाटेल, सांभाळून घ्या. आम्ही तंजावूरचे, घरात साडेतीनशे वर्षांची मराठी, बाहेर तमिळ.

प्रत्येक म्हणीला एकच जोडीदार लावतोय आपण, त्यात थोडं थांबून बघा. मराठीत 'गाढवाला गुळाची चव काय'. तमिळमध्ये 'कऴुदैक्कु तेरियुमा कर्पूर वासनै', गाढवाला कापराचा वास कळतो का? आजी दोन्ही म्हणायची. स्वयंपाकघरात असली तर गूळ, देवघरात असली तर कापूर. लहानपणी मला वाटायचं की गाढवाला दोन वेगवेगळ्या गोष्टी कळत नाहीत.

सांधेजोड

अहो, कन्नडमध्ये कस्तुरी आहे! 'कत्तेगेनु गोत्तु कस्तूरी परिमळ.' माझ्याकडे आहे ही, एका बाईंनी नवऱ्याला उद्देशून म्हटली होती. (हे मात्र आठवतंय, कारण नवरा शेजारच्याच खाटेवर होता.)

चकली

हैदराबादहून भर घालते. तेलुगूत 'गाडिदकेम तेलुसु गंधपु चेक्कल वासन', गाढवाला चंदनाच्या लाकडाचा वास काय कळणार.

आणि आता चारही एकाखाली एक लिहून मोठ्याने म्हणून बघा. गाढव – गूळ. गाडिद – गंधम. कत्ते – कस्तूरी. कऴुदै – कर्पूरम.

पहिलं अक्षर बघितलंत? ग-ग, ग-ग, क-क, क-क. त्या त्या भाषेतलं गाढव आपल्या अक्षराची वस्तू शोधून घेतंय! वस्तू मौल्यवान आहे म्हणून नव्हे, जिभेला जुळते म्हणून आली. हिंदीत माकड आलं तर ते 'अदरक' घेऊन आलं, कारण बंदर-अदरक.

मला आत्ता अंगावर काटा आलाय. पोळ्या करपल्या तरी चालेल.

घाटमाथा

जबरदस्त!! चकलीताई, हे कुठे वाचलंत की आत्ता सुचलं?

चकली

आत्ता, इथेच. तंजावूरकरांनी कापूर आणला नसता तर दिसलंच नसतं.

जुनाट कपाट

गाढवाचा माग बराच मागे जातो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात आहे: 'यथा खरश्चन्दनभारवाही भारस्य वेत्ता न तु चन्दनस्य'. चंदन वाहणाऱ्या गाढवाला ओझं कळतं, चंदन नाही. नुसती पोपटपंची करून शास्त्र शिकणाऱ्या वैद्यांना उद्देशून आहे ते. तेलुगू म्हणीतलं चंदन तिथलंच असेल का, सांगता येत नाही, पण दोघांना शेजारी ठेवावंसं वाटतं.

सांधेजोडताई, तुमच्या लिपीच्या प्रश्नाचं उत्तर यातच मिळालं. तुम्ही 'गाढव – सुगंध' असं मराठी भाषांतर टिपलं असतं तर चकलीताईंना यातलं काहीच दिसलं नसतं. मूळ शब्द लिहायचेच. देवनागरीत चालतील, पण मूळ.

तंजावूरकर

आणि तमिळसाठी तो 'ऴ' वापरा. देवनागरीत आहे तो, खाली टिंब असलेला ळ. साधा ळ लिहिला तर वेगळं अक्षर होतं. तमिळमध्ये म्हणीला 'पऴमोऴि' म्हणतात, म्हणजे जुनं बोलणं. एका शब्दात दोनदा तेच अक्षर. जमलं तर फोनवर आवाजही घ्या, विचारून.

उत्तरध्रुव

जुनं बोलणं! मी एस्टोनियात टार्टूला असते. इथे म्हणीला 'वानासोना' म्हणतात. वाना म्हणजे जुना, सोना म्हणजे शब्द. तमिळ आणि एस्टोनियन एकमेकांना कधी भेटल्या नसतील, आणि नाव मात्र तेच ठेवलं.

या देशाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण धाग्याशी थेट संबंध आहे. १८८८ मध्ये याकोब हुर्ट नावाच्या पाद्र्याने वर्तमानपत्रांतून आवाहन केलं की गावोगावची गाणी, म्हणी, कोडी, रीती लिहून पाठवा. सुमारे १४०० लोकांनी पाठवल्या. शाळामास्तर, शेतकरी, शिंपी. तेव्हा हा स्वतंत्र देशही नव्हता, रशियन साम्राज्याचा तुकडा होता. ते कागद आज इथल्या लोकसाहित्य संग्रहालयात आहेत. मी एकदा बघायला गेले होते. भाषा कळण्याइतकी येत नाही मला, पण वेगवेगळ्या हातांची अक्षरं बघत बसले. कुणाचं वळणदार, कुणाचं नांगराच्या हाताचं. प्रत्येक कागदावर कुणी लिहिलं आणि कुठल्या परगण्यातलं ते आहेच. नाव आणि गाव. सव्वाशे वर्षांनी सुद्धा.

शेजारच्या फिनलंडमध्ये मात्ती कूसी नावाचे अभ्यासक होऊन गेले. त्यांनी जगभरच्या म्हणींचं वर्गीकरण करायचा ध्यास घेतला, पुढे त्यांच्या मुलीने, औती लाउहाकांगास यांनी ते काम चालू ठेवलं. नामिबियाच्या उत्तरेतल्या ओवांबो लोकांच्या म्हणींवर त्यांचं १९७० चं पुस्तक आहे. फिनिश मिशनरी तिथे जात, त्यांनी जमवलेलं त्यामागे होतं. कूसींच्या पद्धतीत वर्ग पाडताना गाढव की माकड हे बाजूला ठेवून, म्हण कोणत्या प्रसंगाबद्दल काय सांगते ते बघतात. अंगण, जमीन, मृदंग सगळे एका खणात.

टिवल्याबावल्या

मृदंग कुठून आला?

चकली

माझ्याकडून जाणार होता, उत्तरध्रुवताईंनी आधीच वाजवला. तेलुगूत 'आडलेक मद्देल ओडु'. नाचता येईना, मृदंग फुटका. बंगालीत उठान म्हणजे अंगणच वाकडं. तमिळमध्ये घरातला कूडम, म्हणजे दिवाणखाना, तिरका.

तंजावूरकर

बरोबर. 'कूडम कोणल'. परत क-क. :)

टिवल्याबावल्या

मी माझा प्रयोग सांगतो. पेर्म्याकोव नावाच्या रशियन अभ्यासकाने मॉस्कोतल्या लोकांना म्हणींचा पहिला अर्धा भाग देऊन उरलेला पुरा करायला सांगितला होता. ज्या बहुतेकांना येतात त्या खरोखर चालू म्हणी, भाषा शिकणाऱ्याला तेवढ्या आल्याच पाहिजेत, असा त्यामागचा विचार. मी दिवाळीत घरातल्या सात भाचरांवर तोच केला.

'अति तिथे' – माती. सातही जणांना आलं.
'नाचता येईना' – अंगण वाकडं. सात.
'आयत्या बिळावर' – नागोबा. पाच.
'उथळ पाण्याला' – तीन.
'आडात नाही तर' – दोन. 'आड म्हणजे काय?' – पाच.
'आलिया' – भट!! सात.

हसून हसून पोट दुखलं. पण 'आड' माहीत नसणं मला रात्री आठवत राहिलं. आड गेला तर पोहरा कुठून राहणार? दुसऱ्या दिवशी पाचही जणांना घेऊन गावच्या जुन्या आडावर गेलो. आत पाणी नव्हतं. पोहरा शेजारच्या आजींच्या माळ्यावर सापडला. म्हण मात्र आता पाठ आहे पोरांना.

झाडीपट्टी

भंडाऱ्याकडचा. आमच्याकडं पावसाच्या नक्षत्रांवर म्हणी आहेत त्या नोंदवा असा आग्रह. 'पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती' सगळ्यांना माहीत. 'पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा' ही आमच्या बाबांची आवडती. उत्तरा म्हणजे सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा. तेव्हा धान निसवायच्या बेतात असतो, पाणी मिळालं की पीक इतकं येतं की कुत्रंसुद्धा भाताला तोंड लावत नाही, पोट भरलेलं असतं.

खाचर

ही म्हण आमच्याकडे रत्नागिरीत 'पडतील चित्रा तर भात खाईना कुत्रा' अशी आहे! आणि अर्थ बरोब्बर उलटा. चित्रा ऑक्टोबरच्या मध्यावर. तेव्हा हळवं भात कापणीला आलेलं असतं. पाऊस आला की उभं पीक आडवं होतं, लोंब्यांना शेतातच कोंब फुटतात, तांदूळ काळपट पडतो, शिजवला की वास येतो. तो भात कुत्रा पण खात नाही. माझ्या आजोबांनी एका वर्षी तसला भात पानात वाढलेला असताना ही म्हण म्हटली होती आणि तसंच जेवले. कुणी काही बोललं नाही.

झाडीपट्टी

अरे देवा. म्हणजे कुत्रा तोच, भात तोच, आमच्याकडे सुकाळ आणि तुमच्याकडे दुष्काळ!

घाटमाथा

घ्या. रकाना सातवा: कुठल्या मातीतली. दोन महिने नाही, फक्त एका महिन्याचा फरक, आणि म्हणीने कूस बदलली. इंग्रजीतल्या गडगडत्या दगडाचं असंच आहे. शेवाळ धरत नाही म्हणजे ब्रिटनमधल्या जुन्या अर्थाने 'एका जागी टिकत नाही त्याच्या हाती काही लागत नाही', आणि अमेरिकेत पुष्कळ जण 'चालत राहा म्हणजे गंजणार नाहीस' असा घेतात. शेवाळ चांगलं की वाईट यावर सगळं.

खाचर

जाता जाता मघा नक्षत्राची म्हण. 'पडतील मघा तर...' पुढचं शेतकऱ्यांना माहीत आहे. शाळेच्या पुस्तकात ती कधीच येणार नाही. पण ऑगस्टच्या झडीत दोन दिवस दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही तेव्हा जे होतं तेच त्यात सांगितलंय, चुलीपुढे. ताई, असल्या म्हणी गाळू नका. गाळल्या की पाऊस गाळला जातो.

आबोली

गोंयचें माणूस आयलें! कोकणीत म्हणींना ओपारी पण म्हणतात. या धाग्यावर मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद यांचं नाव आलंच पाहिजे. १८५५ चा जन्म, बार्देशातल्या आसगावचा. धर्मगुरू म्हणून सावंतवाडीलाही होते. पुढे लिस्बनला संस्कृतचे प्राध्यापक. उतारवयात आजारपणात दोन्ही पाय गेले, तरी काम थांबलं नाही. कोकणी म्हणींचा संग्रह १९२२ मध्ये कोइंब्राला छापला गेला, त्याच वर्षी ते गेले. त्यांनी नुसती यादी दिली नाही. भाषांतर, स्पष्टीकरण, टीप, आणि आशियातल्या इतर भाषांतल्या म्हणींशी तुलना. सांधेजोडताई आज जे करताहेत तेच शंभर वर्षांपूर्वी, आणि आपल्या मातीपासून इतक्या लांब बसून. मला त्यांचं फार अप्रूप वाटतं.

माळरान

बरेच दिवस लिहू की नको करत होतो. तोंडावर आणता येत नाहीत अशा म्हणींबद्दल ताईंनी विचारलंय. मघाची म्हण त्यातली निरुपद्रवी. मी दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलतो.

सातवीत असताना गणित चुकलं म्हणून मास्तरांनी आमच्या जातीवरची एक म्हण म्हटली. वर्ग हसला. माझा बाकावरचा मित्रही हसला, त्याला तर कळलीही नसावी. ती म्हण मी इथे लिहिणार नाही. पण ती जुन्या संग्रहात आहे. मी शोधली. खाली अर्थ दिलाय, तटस्थपणे, जणू तो पावसाबद्दलचा अनुभव आहे.

बायकांच्या अकलेवरच्या, विधवांवरच्या, काळ्या रंगावरच्या म्हणींचंही हेच. 'जनतेचं शहाणपण' म्हणून म्हणींचं कौतुक होतं तेव्हा मला विचारावंसं वाटतं की कुठल्या जनतेचं?

जुनाट कपाट

माळरान, वाचून गप्प झालो. कोशकार म्हणून सवय अशी की भाषेत आहे ते सगळं नोंदवायचं, गाळलं तर खोटेपणा होतो. अजूनही तेच म्हणेन. पण तुमच्या मास्तरांनी ते कोशातूनच उचललं नसलं तरी कोशाने त्यांना मान दिला, हे खरं आहे.

सांधेजोड

माळरानदादा, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल आभार. माझ्याकडे अशा वीसेक आहेत. एक तर माझ्याच समोर एका आयाबाईंना उद्देशून म्हटली गेली होती आणि मी कागद शोधत बसले. आता लाज वाटतेय. आधी बोलणाऱ्याला थांबवायला हवं होतं.

तुमच्या मते काय करावं? काढून टाकू?

माळरान

नाही, काढू नका. काढल्या तर पुढे कुणी म्हणेल असं काही नव्हतंच. ठेवा. पण नोंदीत कोण म्हणालं याच्या बरोबरीने कुणाबद्दल म्हणालं आणि तो माणूस तिथे होता का, हे लिहा. मुलांच्या पुस्तकात घालू नका. आणि दुसरी बाजू शोधा. आमची आजी 'ज्याच्या हाती ससा तो पारधी' म्हणायची ती वकिलीण होऊन नव्हे, पाटलाच्या वाड्यावरून हात हलवत परत आल्यावर म्हणायची. 'बळी तो कान पिळी' ही म्हण कान पिळणाऱ्याने केलेली नाही, ज्याचा कान पिळला त्याने केली आहे. अशा शोधल्या की भरपूर सापडतात.

चकली

माळरान +१००. बायकांच्या बाजूने सांगायचं तर जात्यावरच्या ओव्या बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी सुरू केलेल्या कामात एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या, त्या आता पारीच्या, म्हणजे ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या, संकेतस्थळावर येताहेत. प्रत्येक ओवीखाली बाईचं नाव, गाव. गाणारीचा फोटोही. म्हणींना मात्र आपण बिननावाचं ठेवलं. म्हण रचणारी सापडणार नाही, कबूल, पण म्हणणारी तर समोर बसलेली असते.

जुनाट कपाट

नावावरून: फॅलन यांचा हिंदुस्तानी म्हणींचा मोठा कोश १८८६ चा. फॅलन १८८० मध्येच वारले, टेंपल यांनी तो पुरा केला. मुखपृष्ठावर दिल्लीच्या लाला फकीरचंद यांचं नाव साहाय्यक म्हणून आहे. निदान ते तरी आहे. त्या काळच्या कित्येक संग्रहांत 'एका मुन्शीने सांगितले' एवढ्यावर भागतं.

उत्तरध्रुव

आणि लिहून घेणाऱ्याची चूकही टिकते, हे विसरू नका. इरॅस्मस या डच विद्वानाने ग्रीक-लॅटिन म्हणींचा संग्रह १५०० मध्ये पॅरिसला काढला, आठशेच्या आसपास होत्या. मरेपर्यंत वाढवत वाढवत चार हजारांच्या वर नेल्या. त्यात त्याने पँडोराच्या गोष्टीतल्या 'पिथॉस'ला, म्हणजे धान्य-तेल साठवायच्या मोठ्या रांजणाला, 'पिक्सिस' केलं, डबी. तेव्हापासून जग पँडोराची पेटी म्हणतंय. रांजण गेला तो गेलाच.

सोलापुरी चादर

धागा वर काढतोय, आज वाचला, दोन तासांत सगळा.

ताई, त्या भोपळा-खांदावर कुणी काहीच कसं बोललं नाही? मी सोलापूरचा. आमच्या गल्लीत उजवीकडे तेलुगू विणकर, डावीकडे कन्नड, मध्ये आम्ही. ही म्हण मी दोन्ही बाजूंनी ऐकत मोठा झालो.

कन्नड: 'कुंबळकायी कळ्ळ अंद्रे हेगलु मुट्टि नोडिकोंड.'
तेलुगू: 'गुम्मडिकायल दोंग अंटे भुजालु तडुमुकुन्नट्टु.'

भोपळाचोर म्हटल्याबरोबर याने आपला खांदा चाचपला. आपली 'चोराच्या मनात चांदणं'.

पण खांदाच का? कारण हा लाल भोपळा नव्हे. कुंबळकायी दोन्हींना म्हणतात, इथला कोहळा आहे. कन्नडमध्ये बूदुगुंबळ, तेलुगूत बूडिद गुम्मडि. बूदी, बूडिद म्हणजे राख. पिकलेल्या कोहळ्यावर पांढरी भुकटी असते. रात्री दुसऱ्याच्या परड्यातून कोहळा खांद्यावर टाकून नेला की खांद्याला ती लागते. सकाळी कुणी नुसतं 'चोर' म्हटलं की हात आपोआप खांद्याकडे जातो, पांढरं राहिलंय का बघायला.

तुम्ही मराठीत 'भोपळा' लिहिलंत आणि राख झटकली गेली.

आता एक सांगा, त्या दिवशी आजोबा बोलायच्या आधी तुम्ही काय बोलला होतात?

टिवल्याबावल्या

इरॅस्मसची पेटी आणि ताईंचा भोपळा एकाच आठवड्यात!

तंजावूरकर

सोलापूरकर, नमस्कार घ्या.

सांधेजोड

चार वेळा वाचलं. सोलापुरी दादा, आठवलं. अगदी लख्ख आठवलं.

सोमवार होता. सोमवारी मी आल्या आल्या सगळ्यांना मिळून एकच विचारते, "शनिवार-रविवार घरी व्यायाम कुणी केला नाही?" सगळे गप्प बसतात. त्या दिवशीही बसले. आणि आजोबांनी हळूच ती म्हण म्हणत दुसरा हात खांद्यावर नेला. म्हणजे ते कबूल करत होते! खोली दुखण्याला नाही, कबुलीला हसली होती. आणि मी पुढे जाऊन, दुखतंय वाटतं, म्हणून त्यांच्या खांद्याला शेक लावला. वीस मिनिटं. ते काही बोलले नाहीत, नुसते हसत होते.

ओळ नव्याने भरली आहे. मूळ शब्द कन्नडमध्ये आणि देवनागरीत, कोण, कुणाला, मी आधी काय विचारलं ते, कुठल्या मातीतली, छापली आहे का ते कपाटकाका बघणार आहेत. उरलेल्या मुक्या चिठ्ठ्यांपैकी ज्यांचे पेशंट अजून येतात त्यांना रोज एकेकाला विचारायला सुरुवात केलीय. आजोबांची जुनी फाइल काढून मुलाच्या नंबरवर फोन केला, पुढच्या आठवड्यात खांदा दाखवायला येतो म्हणालेत.

आज सकाळी मल्लेश्वरमच्या बाजारात गेले होते. कोहळे रचून ठेवलेले. भाजीवालीला सांगून एक उचलला आणि खांद्यावर घेतला. जड होता. तिला वाटलं मी असाच घरी नेणार, पिशवी शोधायला लागली. खाली ठेवला तर निळ्या कुर्त्याच्या खांद्यावर हातभर पांढरं. झटकलं तर पसरलं.

ती हसून काय म्हणाली असेल ते सांगायला नकोच. नाव विचारून घेतलंय तिचं.